चुरींचा सरळ ठेका

हृदयाचे ठोके बिघडवणारी जागा डॉक्टरांनी नळीतून डागली, त्यानंतर दोन महिन्यांनी श्रीरंग चुरी भांडुपच्या भजनी मंडळात पुन्हा पखवाज घेऊन बसले. "मधूनमधून धडधडेल, घाबरू नका," असं डॉक्टर म्हणाले होते. किती धडधडलं की घाबरायचं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

पहिल्याच अभंगाला सगळे अडखळले. "चुऱ्या, ठेका चुकतोय रे!" बुवा ओरडले.

चुरींनी हात थांबवला. दुखणं परतलं की काय? मनगट धरून पाहिलं, तर नाडी एकदम सरळ. पुन्हा वाजवलं, पुन्हा सगळे अडखळले.

"क्षमा, मला काही होतंय का गं?" त्यांनी टाळ धरून बसलेल्या बायकोला विचारलं.

"अहो, काही होत नाहीये, तोच तर घोळ आहे! इतकी वर्षं तुमची छाती धडधडली की हात पळायचा आणि मागून आम्ही. आता आम्हाला तीच सवय."

"मग थोडं आजारी वाजव ना," बुवा म्हणाले. "शनिवारी कार्यक्रम आहे यार."

चुरींनी थाप मारली. तेवढ्यात छातीत खरंच एकदा धडधडलं, हात पळाला आणि सगळे झकास समेवर आले.

"वाह!" बुवा म्हणाले.

चुरी मनगट धरून बसले. घाबरावं की मान डोलवावी, ते त्यांना कळेना.