पिवळा संपलाय

आमच्या घरात देवाला रोज फूल मिळेलच असं नाही, पण प्रिंटरवरचा रुमाल रोज झटकला जातो. तो रुमाल माझ्या रुखवतातला, मोरांची जोडी माझ्या हातानं भरलेली. लग्नात सगळ्या बायकांनी वाखाणला होता. आमच्या साहेबांना अख्ख्या संसारात त्याचा उपयोग सुचला तो एवढाच. साहेब म्हणजे माझा नवरा, राजेंद्र. वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरला आहेत. सकाळी मुकुंदवाडीहून कंपनीची बस पकडतात आणि घरी आले की बूट काढायच्या आधी प्रिंटरकडं बघतात. माझ्याकडं असं कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

अख्ख्या भावकीत घरी प्रिंटर असलेला हा एकच माणूस. त्यामुळं यांना इंजिनिअरचा मान. कुणाला सातबारा काढायचा असो, कुणाच्या पोराचं हॉलतिकीट असो, सगळे आमच्या दारात. चहा मी करायचा, मोठेपणा यांनी मिरवायचा.

गेल्या उन्हाळ्यात यांच्या मित्राकडं लग्न होतं. हळदीच्या दिवशी मांडवात लावायला म्हणून यांनी पिवळेधमक कागद फुकट छापून दिले. कडेनं झेंडूची फुलं, मधे 'हळदीला यायचं हं'. त्या एका हळदीत कार्ट्रिजमधला पिवळा संपला. आमच्या मशीनमध्ये काळ्याची डबी वेगळी, आणि गुलाबी, निळा, पिवळा हे तिघं एका डबीत. त्यातला एक संपला की अख्खी डबी बदलायची. मशीन बिचारं दर वेळी शाई संपल्याची पाटी दाखवायचं. हे पाटी वाचायचे आणि 'ओके' दाबायचे. वर मलाच ऐकवायचे की दोन रंग शाबूत असताना डबी फेकायला मी काय नवाब लागून गेलो का. नवाब नाहीत, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.

मग यांनी मशीनचं डोकं साफ करायचा सपाटा लावला. त्या साफसफाईत उरलीसुरली शाईही जाते, असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. पण पुस्तिका वाचेल तो घरचा इंजिनिअर कसला.

अशात दीपमालाच्या बायोडाटाचं काम आलं. दीपमाला माझ्या मोठ्या दिरांची मुलगी. दीर कारभारी आणि जाऊ सत्यभामा करमाडला राहतात, शेती बघतात. पोरगी डिप्लोमा करून शेंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणीवर लागलीय. स्कूटीवर जाते, स्कूटीवर येते. रंगानं सावळी, नाकीडोळी नीटस, आणि बोलायला लागली की समोरच्यानं गप्प ऐकावं अशी. मला पोटच्या पोरीसारखी आहे.

कारभारी भाऊजींचा एक नियम होता. मुलीचा फोटो मोबाईलवरून बाहेरच्या कुणाला पाठवायचा नाही, गावभर होतो. द्यायचा तर छापलेला कागद, तोही मध्यस्थाच्या हातात. म्हणून दीपमालानं चुलत्याला फोटो आणि स्वतः लिहिलेली माहिती पाठवली आणि चुलत्यानं ती छापली. कागद बंद पाकिटात करमाडला गेला, पाकीट तसंच मध्यस्थाकडं गेलं. घरातल्या पोरीचा बायोडाटा, पण पोरीनं तो बघावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. मी तरी कशाला बघतेय. मला वाटलं, आपली दीपमाला रोज दिसते, तिचा फोटो काय बघायचा.

दोन ठिकाणची माणसं येऊन गेली. एक जालन्याकडची, एक पैठणची. बसली, पोहे खाल्ले, पोरीकडं बघून एकमेकांकडं बघितलं, कळवतो म्हणाली. ती अजून कळवतायत. गावात कुजबुज सुरू झाली, जाऊबाईंनी उपास धरला. भाऊजी पोरीशी बोलेनासे झाले, जणू तिनंच त्यांना हाकलून दिलं होतं.

एकदा मी करमाडला गेले होते. भांडी घासता घासता दीपमाला म्हणाली, "काकू, आमच्या टेबलावरनं माल रिजेक्ट झाला तर त्याच्यावर कारण लिहावं लागतं. लोखंडाच्या तुकड्याला पण कारण मिळतं. मला कुणी कारण सांगत नाय." मी काहीतरी बोलले, नशीब वगैरे. ती म्हणाली की आता बिडकीनचे येणार आहेत, ही शेवटची खेप. यानंतर कुणापुढं खुर्चीवर बसणार नाही. आणि ती बोलते तशी वागते, हे सगळ्या घराला माहीत होतं.

बिडकीनच्यांसाठी नवीन कागद छापायचा होता. त्या दिवशी मी प्रिंटरजवळ कपड्यांच्या घड्या घालत होते, म्हणून पहिल्यांदा तो कागद बाहेर येताना बघितला. आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचा. पोरगी गोरीपान, गालांवर गुलाबी झाक, जणू रात्रभर दुधात भिजत घातलेली. मग नाक ओळखीचं वाटलं. दीपमाला त्या फोटोत नेसली होती ती हळदी रंगाची साडी, हिरव्या काठाची, मीच घेतलेली. कागदावर साडी फिकट गुलाबी आणि काठ निळे. पिवळा नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार. खाली 'वर्ण' या शब्दापुढं लिहिलं होतं: गोरा. पोरीनं लिहून पाठवलेल्या माहितीत मी तर तिथं 'सावळा' वाचलं होतं.

मी विचारलं तर साहेब शांतपणे म्हणाले की फोटोशी मजकूर जुळायला पाहिजे म्हणून बदललं. म्हणजे शाई संपली मशीनची, आणि रंग बदलला पोरीचा. एवढ्यावर थांबते तर ठीक. यांनी छाती पुढं काढून सांगितलं की आधीच्या कागदाची जादा प्रत वहिनींना आणि भावकीत दाखवली होती, वहिनींना फोटो लई आवडलाय, आणि भावकीतले आणखी दोघं बाप आपापल्या पोरींचे फोटो याच मशीनवर काढून द्या म्हणतायत. हात बसलाय आता, डबी बदलायची नाही.

मी यांना फडाफडा बोलले. मग जाऊबाईंना फोन लावला. त्या पण ऐकेनात. वर त्यांचं तत्त्वज्ञान असं, "सुलेखा, छापलंय मशीननं. आपण थोडंच खोटं केलं?"

दुसऱ्या दिवशी मी जालना रोडवरच्या दुकानात जाऊन रंगाची नवी डबी आणली आणि यांच्या हातात ठेवली. खरा फोटो छापून पाठवा, आणि वर्णाची ओळ पोरीनं लिहिली तशी करा, नाहीतर मीच दीपमालाला फोन करते, म्हणाले. हे एकदम मऊ झाले. संध्याकाळी सांगितलं, छापला, पाठवला, आता तरी चहा दे. मी विश्वास ठेवला आणि चहाही दिला. इतक्या वर्षांत शहाणपण आलं नाही ते एका डबीनं थोडंच येणार.

रविवारी बिडकीनचे करमाडला आले. मुलगा विश्वजीत, त्याची आई लक्ष्मीबाई आणि मामा. जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेल्यापासून हे घर गाडीतून उतरतं ते आधी गाडीकडं बघतं आणि मग माणसांकडं. मुलगा धंदा करतो असं कळलं होतं. कसला, ते मामांनाही नीट सांगता येईना. सावळेपणात तो आमच्या दीपमालाच्या पुढं दोन पावलं होता, पण आमच्याकडं मुलाच्या बायोडाटात वर्णाची ओळच नसते.

दीपमाला आली, बसली. विचारलं तेवढं नीट सांगितलं. तोवर लक्ष्मीबाईंनी पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढला आणि तिच्या चेहऱ्याशेजारी धरला, नोट खरी की खोटी बघावी तसा. मी पाठीमागून बघितलं. निळे काठ. माझा नवरा छताकडं बघत होता.

लक्ष्मीबाई म्हणाल्या की फोटोत पोरगी लई उजळ दिसते. आमचे साहेब तत्परतेनं म्हणाले की खोलीतली ट्यूब जुनी झालीय. दुपारची वेळ होती आणि दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. त्या माणसाच्या शेजारी बसायची मला लाज वाटली, म्हणून मी उठून दाराशी उभी राहिले.

दीपमालानं हात पुढं केला आणि कागद मागून घेतला. तो खिडकीच्या उजेडात धरला.

"ही कोण?" तिनं विचारलं.

भाऊजी खाकरले. म्हणाले, तूच की.

"माझी साडी पिवळी होती, दादा." मग तिनं खालचा मजकूर वाचला आणि चुलत्याकडं वळली. "काका, आधी आले होते त्यांना पण हाच कागद दिला होता?"

साहेबांनी मान हलवली. मशीननं काढला तसा दिला, असं काहीतरी पुटपुटले. मला वाटलं पोरगी आता रडणार. जाऊबाई तर पदर तोंडाला लावून तयारच होत्या. पण दीपमालाचे खांदे खाली आले, डोक्यावरचा भारा उतरवल्यावर येतात तसे. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी तिचा चेहरा निवांत झालेला बघितला.

बिडकीनकरांना यातलं काही कळलं नाही. लक्ष्मीबाईंनी तर मोठं मन दाखवलं. म्हणाल्या की त्यांची काही तक्रार नाही. घर चांगलं, पोरगी शिकलेली. फक्त अडचण एवढीच की हा फोटो त्यांच्या भावकीत सगळ्यांना दाखवून झालाय आणि सगळ्यांनी नावाजलाय. तेव्हा साखरपुड्याला शहरातली चांगली पार्लरवाली लावायची, अगदी असाच रंग यायला पाहिजे. लग्नाचा अल्बमही असाच करून घेता येतो, त्यांचा फोटोग्राफर हुशार आहे. आणि पुढं स्कूटी, नोकरी बंद केली, ऊन लागलं नाही, की पोरगी आपोआप उजळते. त्यांच्या थोरल्या सुनेचं तसंच झालं होतं. मामांनी दुजोरा दिला. आमचे साहेब "होईल की, होईल की" म्हणत मान डोलवत होते. आपल्या प्रिंटरमुळं सोयरीक जमली, याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. भाऊजींनी डोळे मिटून हात जोडले. एवढ्या माणसांत त्या पोरीला काय वाटतं हे विचारणारा एक जण निघाला नाही. चुलीत घाला असली सोयरीक, असं मी म्हणणार होते. दीपमालानं मला नजरेनंच थांबवलं.

ती विश्वजीतकडं वळली. तो मोबाईलवर बोट फिरवत होता.

"तुमचं काय म्हणणं हाय?"

त्यानं आधी आईकडं बघितलं. मग कागदाकडं बघितलं. दीपमालाकडं बघायचं त्याच्याकडून राहून गेलं.

"फोटो चांगला हाय," तो म्हणाला.

"पसंत हाय ना?"

"व्हय."

दीपमाला उठली आणि कागद त्याच्या हातात दिला. "मग हिलाच न्या."

एवढं बोलून ती आत गेली. थोड्या वेळानं बाहेर स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. लक्ष्मीबाईंचं तोंड उघडं, भाऊजींचे हात जोडलेलेच, आणि आमचे साहेब माझ्याकडं असे बघत होते जणू मीच शाई पिऊन टाकली होती. विश्वजीत कागद हातात धरून बसला होता. मला वाटलं, आता फाडेल, निदान टेबलावर आपटेल. त्यानं तो नीट सरळ केला, पुन्हा एकदा बघितला, आणि जपून चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला.