मधलं झाकण

माझ्या हाताला एक खोड आहे. जुनी वस्तू दिसली की तिला रंग द्यावासा वाटतो. नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "हिच्यासमोर फार वेळ गप्प बसू नका, प्रायमर मारेल." म्हणू दे. त्याच्या स्कूटरचं मडगार्ड कुणी चकाचक केलं ते विचारा त्याला.

तर, आईचा कॉम्प्युटर. सेकंडहँड घेतलेला. चालायला झकास, पण कॅबिनेट म्हणजे नुसतं ध्यान! पिवळट पडलेला पत्रा, कडांना गंज आणि पुढच्या बाजूला कसलेसे लाल ठिपके. एरवी मी दम धरला असता, पण त्या रविवारी दादा येणार होता. दादा माझा मोठा भाऊ, दुसऱ्या शहरात असतो. आई एकटी राहते, माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. मध्यंतरी ती जिन्यात पाय चुकून पडली. फारसं लागलं नाही, पण तेव्हापासून दादानं धोशा लावला होता. "मी येऊन बघतो. एकटीला जमत नसेल तर सरळ घेऊन जातो." आणि आईचं ठरलेलं उत्तर, "मी माझ्या घरातून हलणार नाही." मी आईच्या बाजूची. दादाला घर बघून बोलायला जागाच राहता कामा नये, असं मी ठरवलं आणि कॅबिनेटपासून सुरुवात केली.

रंगाच्या स्प्रेची तीन झाकणं आईसमोर टेबलावर मांडली. "कुठला देऊ?"

आईनं हात पुढे केला, तिन्ही झाकणांवरून फिरवला आणि म्हणाली, "हा. मधला."

मी बघतच राहिले. एका बाजूला राखाडी, एका बाजूला मोतिया, आणि ही बाई निवडते काय, तर मधला भडक नारिंगी! जन्मात कधी फिकट रंगाच्या बाहेर गेली नाही.

"नक्की ना?"

"विचारलंस ना? मग दे की."

नवऱ्यानं आतलं सगळं सामान काढून दिलं आणि मी रिकामं कॅबिनेट गॅलरीत मांडून पॉलिश पेपर घेऊन बसले. आधी एक फोटो काढला, नंतर फुशारकी मारायला. गंज गेला, पिवळेपणा गेला, पण ते लाल ठिपके मेले हटेनात. शेवटी ब्लेडनं खरवडले. नेलपॉलिश होतं ते. आधीच्या मालकिणीचा वेंधळेपणा, दुसरं काय! पण एक ठिपका निघाला आणि त्याच्याखाली दुकानदाराचं स्टिकर दिसलं, ज्याच्याकडून आम्ही कॉम्प्युटर घेतला त्याचंच. म्हणजे ठिपके नंतरचे. आईच्या घरातले.

आता मला चैन पडेना. आईनं आयुष्यात नखांना काही लावलेलं नाही. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "आजीला कुणी आवडायला लागलं असेल." नवरा म्हणाला, "मुंग्या येऊ नयेत म्हणून असेल." कॉम्प्युटरला मुंग्या! या घरात सरळ उत्तर मिळेल तर शपथ. मी आईलाच फोन लावला.

"आई, कॅबिनेटवर नेलपॉलिश कुणी सांडलं होतं गं?"

"सांडलं असेल कुणीतरी." मग जरा थांबून, "काढलंस का?"

"साफ! तळहातासारखं गुळगुळीत केलंय."

"बरं," आई म्हणाली आणि फोन ठेवला. शाबासकी नाही, काही नाही. मला रागच आला.

शनिवारी दुपारी आम्ही कॅबिनेट परत नेलं. रंग असा बसला होता म्हणून सांगू! नवरा वायरी जोडून गेला. आई शेजारी गेली होती, म्हणून मी चहा टाकायला स्वयंपाकघरात शिरले. गॅसच्या बटणाला हात लावला तर बोटाला काहीतरी टोचलं. लाल ठिपका. साखरेच्या डब्यावर एक, मिठाच्या डब्यावर दोन. टीव्हीच्या रिमोटवर, इस्त्रीवर, न्हाणीघराच्या दिव्याच्या बटणावर, सगळीकडे ठिपके. मी चहा विसरून घरभर बोटं फिरवत हिंडले. फोटो उघडून बघितला. कॅबिनेटवर चालू करायच्या बटणापाशी एक, हेडफोनच्या भोकापाशी दोन, पेनड्राइव्हपाशी तीन.

मी रिमोट हातात घेतला, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. सापडलं बटण.

तशीच खाली बसले. आईला दिसत नव्हतं. किती दिवसांपासून, देव जाणे. ही बाई टेलिफोन ऑपरेटर होती, तिच्या बोटांना स्विचबोर्डावरची एवढी भोकं पाठ असायची. तिनं त्याच बोटांवर अख्खं घर पेललं होतं, आणि मी शहाणी, पॉलिश पेपर घेऊन तिची वाट पुसून आले होते.

बाटली चष्म्याच्या खणात सापडली. फोटो बघत मी ठिपके पुन्हा लावले. घाईत थर जाड बसले, त्यात नेलपॉलिशनं ताजा रंग खाल्ला आणि प्रत्येक ठिपक्याभोवती सुरकुत्या पडल्या. पडू देत म्हटलं. आई आल्यावर मी अवाक्षर काढलं नाही.

रविवारी दादा आला. सोबत ही मोठी बॅग, रिकामी. कॅबिनेट बघून म्हणाला, "हा काय रंग आहे का?" आणि मग आईला, "रोज या कॉम्प्युटरवरून मला फोन लावतेस, तसा आज माझ्यासमोर आमच्या घरी लाव. बघू तरी."

आई खुर्चीत बसली. तिचं बोट गुळगुळीत पत्र्यावरून हळूहळू सरकलं. बोट ठिपक्यावर आलं आणि थबकलं. तिनं भोवतालच्या सुरकुत्या चाचपल्या आणि मान माझ्याकडे वळवली.

"जाड लावलेस," ती म्हणाली.

"काय जाड?" दादानं विचारलं.

"रंग," मी म्हटलं.

"आणि एवढा रंग दिलास, मग हे लाल थेंब कसले सांडून ठेवलेस?" दादा मला म्हणाला.

मी थाप मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "सांडलेले नाहीत. माझे आहेत. मला दिसत नाही रे नीट."

दादा मटकन पलंगावर बसला. "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर ही बॅग आधीच आली असती."

आईनं हेडफोनची पिन त्याच्या हातात दिली. "मिट डोळे. घाल बघू." दादानं डोळे मिटले. दोनदा पत्र्यावर आपटली, एकदा जाळीत खुपसली. आईनं त्याच्या हातातून पिन घेतली, दोन ठिपके चाचपले आणि टक्कन बसवली. फोन लागला. सुनेशी बोलताना तिनं आमच्याकडे पाठ फिरवली.

दादा उठून स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ डब्यांचा आवाज येत होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल. "साखरेला एक आणि मिठाला दोन का?"

"गडबडीत बोट चुकलं तर चहात मीठ नको पडायला. मिठाची खूण मोठी."

त्यानं बॅग उचलली आणि पायानं पलंगाखाली सारली. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी थांबतोय. नंतरचं नंतर. पण घर तुझंच."

आईनं मान डोलावली. मग मला जवळ बोलावलं आणि कॅबिनेटवर हात ठेवून हळूच विचारलं, "मधल्या झाकणाचा रंग कुठला होता गं?"

"नारिंगी. एकदम भडक."

"अगं बाई! मला मुळीच आवडत नाही नारिंगी."

"बदलू का? आत्ता बदलते."

"नको," ती म्हणाली. "कालपासून विचार करतेय, या कोपऱ्यात मला हे एवढं उजळ काय दिसतंय."