मी, मधल्या फळीचा नकाशा

मित्रांनो, मी जन्माने फ्रिजचा दरवाजा. हल्ली मला फूटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, संघाचा नकाशा म्हणतात. नक्की काय आहे, ते माझं मलाच धड कळत नाही.

यारंबूल गावच्या मैदानावरच्या कॅन्टीनमध्ये मी बरीच वर्षं थंड बाटल्या सांभाळल्या. फ्रिज बिघडला तेव्हा कॅन्टीनवाली नोलीन म्हणाली, “डेस, हे धूड घेऊन जा बाबा, नाहीतर भंगारात देते.”

डेस हा मुलींच्या संघाचा कोच. त्याने मला हिरवा रंग फासला, त्यावर पांढऱ्या रंगाने लंबगोल मैदान काढलं आणि खेळाडूंच्या नावांची चुंबकं चिकटवली. काय ऐट होती माझी! आमचा गोल कुठल्या टोकाला, एवढं मात्र लिहायचं राहून गेलं. माझी दोन्ही टोकं अगदी सारखी.

डेसचं सगळं दुखणं मधल्या फळीत होतं. पंच मध्यभागी चेंडू आपटून उंच उडवायचा आणि आमची उंच टेगन तो हमखास टोलवायची. पण जिथे टोलवायची तिथे आमचं कुणी नसायचंच. एका बाजूला दोघी एकमेकींवर आदळायच्या, दुसरी बाजू मोकळी. चुकीच्या जागी नेहमी एकच असायची, मेव्ह. मेव्ह म्हणजे डेसची मुलगी.

दर विश्रांतीला डेस मला मैदानात नेऊन गवतावर आडवा टाकायचा. बहुतेक मुली त्याच्या बाजूला गोळा व्हायच्या. मेव्ह मात्र पलीकडे, बरोबर त्याच्या समोर. बापाला चिकटून उभं राहिलं तर ‘कोचची लाडकी’ म्हणून चिडवतात ना! डेस चुंबक सरकवून म्हणायचा, “मेव्ह, तू इथे.” ती मान डोलवायची आणि भलतीकडेच जाऊन उभी राहायची.

मी पार चक्रावून जायचो. त्यात या खेळात दर पाव सामन्याला दोन्ही संघ बाजू बदलतात. माझं डोकं कुठलं नि पाय कुठले, मला तरी कुठे ठाऊक होतं?

एकदा हरून आल्यावर कपडे बदलायच्या खोलीबाहेर दोघांचं चांगलंच वाजलं.

“सांगून सांगून माझा घसा बसला, मेव्ह!”

“डॅड, तू दाखवलंस तिथेच होते मी.”

“म्हणजे काय, मी आंधळा?”

“मग राहू दे. पुढच्या वर्षी मी मुरोकच्या संघाकडून खेळते. तिथे निदान माझा बाप तरी नाही.”

डेसचा चेहरा खर्रकन उतरला. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो.

हंगामाचा शेवटचा सामना आला. शेवटच्या विश्रांतीपर्यंत आम्ही मागेच. डेसने मला गवतावर आदळलं.

“मेव्ह, इथे! इथे म्हणजे कुठे, कळतंय का?”

“इथेच तर होते!”

त्याचा पारा चढला. तिला झापायला तो मला वळसा घालून पलीकडे गेला, तिच्या शेजारी वाकला आणि त्याचं बोट हवेतच राहिलं. त्याच्या बाजूने जे डावं होतं, ते तिथून उजवं दिसत होतं.

“अगं, तुला हे असं दिसतं होय?”

“मग कसं दिसणार? मी काय डोक्यावर उभी राहू?”

टेगन फिसकन हसली. डेस नाही हसला. “चुकलो, पोरी,” तो सगळ्यांसमोर म्हणाला. मग त्याने साऱ्यांना एकाच बाजूला दाटीवाटीने उभं केलं आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवलं.

पुढचं मला दिसलं नाही, मी कडेला गवतावर पालथा पडलो होतो. गोल झाला की मैदानाभोवती उभ्या गाड्यांचे हॉर्न वाजवतात, ते सारखे वाजत होते. आमचे की त्यांचे, काही कळेना! अगदी थोडक्या गुणांनी हरलो, हे नोलीनच्या शिव्यांवरून समजलं.

डेस मला उचलायला आला. दुसरी बाजू मेव्हने धरली.

“मग, मुरोकला कधी जातेस?” त्याने खालमानेने विचारलं.

“आधी दरवाजा नीट धर, पायावर पडेल माझ्या. आणि पुढच्या वर्षी दाखवताना माझ्या बाजूला उभा राहा.”

डेसने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

मित्रांनो, माझ्या कडा आता गंजल्या आहेत. मला पावसात टाकू नका, पुसून ठेवा. आणि कुणावर ओरडायच्या आधी त्याच्या शेजारी जाऊन एकदा उभे राहा. चार पावलांचंच तर अंतर असतं. डेसला ते चालायला अख्खा हंगाम लागला.