दारावरचा कडुनिंब

कोरोना सिहोऱ्यात शिरला, तवाच मी मागची खोली खाली केली. धानाची पोती ओसरीत काढली, खिडकी उघडली, खाट टाकली. एक थाळी, एक गिलास, थर्मामीटर, बोटाले लावाचं ते आक्सिजनचं यंत्र, तापाच्या गोळ्या, सारं तिथंच ठेवलं.

माहा नवरा, आमचा बुढा, भडकला. "मरनाले आवतन देऊन राहिली का वो?"

"बिमारी आवतनाची वाट पायत नाई," मी म्हनली. मागं टीबीनं त्याची छाती पोखरली होती. खोली त्याच्याचसाठी केली होती, पन तोंडानं कसं सांगू?

बिमार पडली मीच. गावच्या आशाताईनं फोनवर रिपोर्ट सांगितला. घरीच अलग राहा म्हने, दम लागला का लगेच कळवा. मी तोंड बांधून खोलीत गेली, आन् तिथं माही अक्कल उघडी पडली. सगळी तयारी केली, बुढाच तयार कराचा राहून गेला! ज्याले चहा येत नाई, तो रांधन काय?

रांधनं दूर, तो घडीघडी दार ढकले. मास्क हनुवटीवर.

"ताप पाहू दे."

"दुरून पाहा!"

"जिंदगीभर जवळून पायलं, आता दुरून कायले?"

मेल्याले प्रेमबी आताच सुचलं! मले घाम फुटला. याले बिमारी लागली तर हा वाचत नाई.

माहं आयकनं त्याच्या नशिबातच नाई. मंग मी मागच्या दारानं परसातल्या वाडीत गेली, कडुनिंबाची डहाळी तोडली आन् खोलीच्या चौकटीले बांधली. आमच्याकडं आंगावर माता आली, म्हंजे कांजन्या निघाल्या, का दारी कडुनिंब लागते. बाहेरचा मानूस उंबरा ओलांडत नाई, घरात फोडनी पडत नाई.

"कोरोना असो का काही, आता इथं मातामाय बसली हाय. ओलांडून दाखवा!"

बुढा जागीच थांबला. चपला काढल्या, हात जोडले. मीबी मनात जोडले. माय, माफ कर, नारळ फोडीन.

मंग उंबऱ्यावर थाळी येऊ लागली. फोडनी बंद, म्हनून त्याचं फावलं. पेज आन् मीठ, पेज आन् मीठ. कधी पेजंत खडा. पन आत पाय नाई टाकला. बाहेर बसून तिथूनच बोले.

आशाताईनं बाहेर निघा म्हनल्यावर मी निघाली, तर घराच्या सामोरच्या दारावरबी कडुनिंब!

"हा कोनं बांधला?"

"मीनं. शेजारचा सोमाजी रोज म्हने, वहिनीले पाहून येतो. समजावलं, आयके नाई."

"म्हंजे माहं सोंग तुमाले ठाऊक होतं?"

"येडा समजली का? तुले डहाळी तोडतानाच पायलं."

"मंग आत काहून नाई आले?"

बुढा खाली पाहून म्हने, "कडुनिंबाले कोन भेते? तुह्या डोळ्यातलं भेव पायलं."

माहे डोळे भरले. मी डहाळी सोडाले हात वर केला, तर त्यानं मनगट धरलं.

"दोन रोज राहू दे वो, अजून मीच रांधतो. फोडनी कशी देतेत, ते मले अजून कुठं येते?"