दुधी डबे

प्लॅस्टिकचा डबा निवडताना मी डोळ्यांपेक्षा नखावर भरवसा ठेवते. काचेसारखा चकचकीत डबा नखानं टिचकी मारली की टणकन वाजतो, आणि वाफेच्या यंत्रात घातला की पापडासारखा वाकडा होऊन बाहेर येतो. दुधी, धुरकट पांढरा डबा दबका वाजतो, दिसायला गरीब, पण पंधरा पौंड दाबाखाली वीस मिनिटं राहिला तरी जसाच्या तसा निघतो.

गंगापूर रोडवरच्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत आम्ही पेशींपासून रोपं वाढवायचो. तिथे भांडी धुणाऱ्या सखुबाईंना मी ही पारख शिकवली. आठवडाभरात त्या माझ्याहून झटपट डबे निवडू लागल्या. मी तापट. एकदा झाकण उघडं राहिलं म्हणून सगळ्यांदेखत त्यांना झापलं होतं, तरी त्यांनी माझ्यावर राग धरला नाही.

त्यांचा मुलगा गोटीराम मखमलाबादला शेवंती लावायचा. एका झाडावर त्याला तांब्याच्या रंगाचं फूल सापडलं. ते वाण त्यानं दोन वर्षं जपलं आणि २००० साली कावीळ होऊन तो गेला. मागोमाग शेतात रोग आला, सगळी शेवंती उपटावी लागली. उरलेली एक कुंडी सखुबाईंनी माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"ताई, ह्याच्यात माझा गोट्या हाय. तेवढा जगवा."

मी हो म्हटलं. इतक्या सहज म्हणायला नको होतं.

कुंडीही वाळली, पण शेंड्याच्या टाचणीच्या टोकाएवढ्या तुकड्यांपासून चार नळ्यांत कोंब फुटले. वाढत वाढत ते बारा डब्यांना पुरतील एवढे झाले. सगळी रोपं एकाच दिवशी नळ्यांतून डब्यांत हलवायची नाहीत, काही मागे ठेवायची, हा आमचा नियम. पण दोन दिवसांनी गोटीरामचं वर्षश्राद्ध होतं आणि मला त्या माउलीला बाराही डबे हिरवे दाखवायचे होते. मी सगळीच रोपं हलवायला घेतली. सखुबाईंनी वाफवलेले डबे निर्जंतुक खोलीच्या खिडकीतून आत सरकवले, मी त्यांत रोपांचं कोमट खाद्य ओतलं आणि कोंब लावले.

श्राद्धाला मी स्टीलच्या डब्यातून लाडू पाठवले. दुसऱ्या दिवशी सखुबाई आल्या नेहमीच्या हसऱ्या तोंडानं.

"ताई, एक सांगू? म्या वाफवल्यावर डब्याडब्यात चिमूट चिमूट साखर टाकली. हात साबणानं धुतले व्हते. तुमीच म्हणता ना, रोपं साखर खात्यात. आन् लेकरासाठी रिकामा डबा कसा द्यायचा?"

शेजारणीचा डबा मीही कधी रिकामा परत दिलेला नाही. पण उघड्या डब्यात हातानं टाकलेल्या साखरेबरोबर काय काय गेलं असेल, ते मला कळत होतं. दुधी तळाशी पांढरी साखर मला दिसलीच नव्हती. चकचकीत डब्यात दिसली असती.

मी आत धावले. बाराही डब्यांत बुरशीचा कापूस धरला होता. कोंब धुतले, कापले, नव्या नळ्यांत लावले. आठवड्यात एकही उरला नाही.

एरवी मी टेबल बडवलं असतं. त्या दिवशी सखुबाईंसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "वाफेची वेळ मी चुकीची लावली. बुरशी आली. माझी चूक."

"आन् माझी साखर?"

"साखरेनं काही झालं नाही."

"तुमच्यावर सोडलं व्हतं ताई," एवढंच म्हणाल्या. रडले मी, त्या नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर आल्या नाहीत. आता त्यांच्या घरी कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणून मीही गेले नाही. ते बारा डबे मी पुन्हा वाफवले, बुरशी मारून खरवडून काढली. डब्यांना काही झालं नव्हतं.

महिन्याभरानं वॉचमन यादवनं माझा लाडवांचा डबा आणून दिला. सखुबाई फाटकात देऊन गेल्या होत्या, निरोप काही नव्हता. घासून लख्ख केलेला डबा मी उघडला.

तळाशी चिमूटभर साखर होती.