गच्चीचं दार

लीनाला आता त्या कुलपाचा राग येईनासा झाला होता. नुसता कंटाळा येई. बेहालाच्या बाजूला असलेल्या एका खासगी विद्यापीठात ती सुरक्षा अधिकारी. नवऱ्याची बँकेतली बदली कोलकात्याला झाली, तेव्हा मिळाली ती नोकरी तिनं धरली, तीही वर्षावर्षाच्या करारावर. आल्यापासून ती एकच गोष्ट कानीकपाळी ओरडत होती. ग्रंथालयाच्या इमारतीला जिना एकच. तो खालून धुरानं भरला, तर गच्चीवर जायचं आणि शेजारच्या इमारतीच्या जिन्यानं उतरायचं, एवढीच वाट. पण गच्चीच्या दाराला कुलूप! का, तर पोरं-पोरी जोडीनं वर जाऊन बसतात. प्रेमाची एवढी धास्ती, आगीची मात्र मुळीच नाही.

रजिस्ट्रार दत्तगुप्त तसा गोड माणूस. दर वेळी चहा पाजायचे आणि "देखेंगे" म्हणायचे. तो चहा पिऊन पिऊन लीनाला पित्त झालं, कुलूप जागच्या जागी.

त्या दिवशी त्याच इमारतीत आगीची रंगीत तालीम होती. बंगालीतून सूचना देणारा कारकून बराकपूरहून यायचा. त्याची गाडी वाटेत रखडली. मग भोंगा लीनानंच हातात घेतला. मुलं वाचनकक्षांतून निघाली खरी, पण जिन्यातच रेंगाळली. काही तर पायऱ्यांवर बसून मोबाईल बघू लागली. बसलेल्यांना उठवावं म्हणून ती खालून ओरडली, "उठुन! उठुन!" तिला वाटलं, आपलं मराठी 'उठा'च हे, जरा बंगाली वळणाचं. पण जिन्यात उभ्या असलेल्या बंगाली माणसाला 'उठुन' म्हटलं, की तो वर चढतो. एरवी कुणाचं न ऐकणारी पोरं नेमकी त्याच दिवशी आज्ञाधारक निघाली. सगळा लोंढा वळून वर गेला.

वर कुलूप. मागचे रेटत राहिले, पुढचे दारावर दाबले गेले. लीना भोंगा टाकून, किंचाळत, मुलांना मागे ओढत वर पोचली, तेव्हा कुठे रेटा थांबला. दाराशी एक मुलगी घेरी येऊन पडली होती. मैत्रिणींनी तिला खाली आणून तोंडावर पाणी मारलं, आणि तिनं डोळे उघडले.

दुपारी दत्तगुप्तांनी बोलावलं. आज चहा नव्हता.

"मॅडम, चूक तुमच्या बांगला भाषेची," ते हिंदीत म्हणाले. "मला वरती उत्तर द्यायचंय. यापुढे सूचना आमचाच माणूस देईल. झालं, प्रश्न मिटला."

आजार रेड्याला आणि औषध पखालीला! लीनाला हसू यायला हवं होतं, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं. शब्द तिचा चुकला होता, ते ती नाकारत नव्हती. त्या मुलीचा पांढराफटक चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. पण शब्दामुळे मुलं वर गेली. अडकली ती कुलपामुळे. हे आता पुन्हा कितव्यांदा सांगायचं?

"सगळी चूक माझी, असं मी लिहून देते," ती म्हणाली. "माझा करारही संपवा. पण बदल्यात एक गोष्ट हवी."

दत्तगुप्तांचा चेहरा सैलावला. "कुलूपच ना? आत्ता काढायला लावतो."

"कुलूप नको सर. दार."

"दार?"

"चौकटीतून काढून खाली आणायचं. माझ्यासमोर. मगच सही करीन. कुलूप तुम्ही संध्याकाळी परत लावाल. दार परत बसवायचं तर मंजुरी हवी, तीन दुकानांचे भाव हवेत, समितीची बैठक हवी. तुमचं ऑफिस मी चांगलं ओळखून आहे."

दत्तगुप्तांनी मनाशी हिशेब केला. नाही म्हणावं, तर त्या मुलीचे आईवडील उद्या येणारच होते, आणि तेव्हा दोषी हवाच होता. त्यांनी सुताराला फोन लावला.

बिजागऱ्या गंजलेल्या होत्या. सुतारानं घाम गाळला, शिव्याही हासडल्या. शेवटी दार निघालं. दोघा जणांनी ते आडवं धरून खाली न्यायला सुरुवात केली, आणि वरच्या पायऱ्यांवर ऊन आलं. लीनानं कागद भिंतीला टेकवून सही केली. घरी काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं, आणि नोकरी गेल्याचं वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. तरी ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. उद्यापासून इथे ती नसणार होती, आणि दारही.