एकतिसावं पान

मित्रांनो, तसं पाहिलं तर माझं वय काही फार नाही. मला अजून चार वर्षंही पुरी झालेली नाहीत. पण पाठ सुटली, कोपरे दुमडले, शिवणीचा दोरा बाहेर डोकावू लागला की पुस्तकाला म्हातारपण येतं. तसं ते मला आलं आहे. मी छप्पन्न पानांचं, मुलांसाठी लिहिलेलं माहितीचं पुस्तक आहे. 'बांधावरचे साप' हे माझं नाव. माझ्या पंचावन्न पानांवर सगळं खरं आहे. उरलेल्या एका पानाची गोष्ट मी सांगणार आहे, आणि ती सांगताना मला भीती वाटते, कारण ती अजून संपलेली नाही.

माझा लेखक भला माणूस होता. पाच वर्षं रानोमाळ हिंडून त्याने माझा मजकूर लिहिला. एकतिसाव्या पानावर त्याने दोन सापांची माहिती शेजारी शेजारी दिली, कारण लोक त्या दोघांत नेहमी फसतात. कवड्या हा बिनविषारी साप आणि मण्यार ही जहाल विषारी. दोघांच्याही गडद अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे मानेच्या बरेच खाली सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. हे सगळं त्याने नीट लिहिलं होतं. पण अंबडच्या एका छापखान्यात माझी पानं जुळवली गेली तेव्हा एकाच मापाचे दोन फोटो एकमेकांच्या जागी बसले. मण्यारीच्या फोटोखाली ठळक अक्षरांत छापलं गेलं, 'कवड्या. बिनविषारी. घाबरू नका.'

मित्रांनो, काटा रुतला तर तुम्ही ओरडता तरी. मला तेही करता येत नव्हतं. त्या ओल्या शाईनिशी मी बांधलो गेलो, कापलो गेलो, आणि गठ्ठ्यात बसून बाहेर पडलो.

तरी मला एक आशा होती. आमची परीक्षा व्हायची होती. नाशिकमधली एक संस्था बत्तीस शाळांच्या वाचनालयांसाठी दरवर्षी पुस्तकं निवडते. त्या निवडीत काय घडलं ते मला पुष्कळ नंतर कळलं, निलोफरबाईंच्या टेबलावर. निलोफरबाई इंदिरानगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात आणि समितीवर माहितीची पुस्तकं तपासतात. फार काटेकोर बाई. एका वर्षी ग्रहताऱ्यांवरचं एक देखणं पुस्तक निवडलं गेलं होतं. चित्रं अशी की सगळे हरखून गेले, आणि आतली निम्मी माहिती शिळी निघाली. तेव्हा बाईंनीच समितीला एक नियम सुचवला. माहिती तपासणाऱ्याला चित्रं दाखवायचीच नाहीत. त्याच्या हातात फक्त टाइप केलेला मजकूर द्यायचा, म्हणजे तो रंगांना भुलणार नाही. नियम सगळ्यांना पटला. एका ठेचेने शहाणपण येतं म्हणतात. इथे शहाणपण आलं, पण त्या नादात दुसऱ्या ठेचेचा दगड त्यांनी स्वतःच वाटेत ठेवला.

माझा मजकूर निलोफरबाईंनी ओळ न् ओळ तपासला. पट्टे कुठून सुरू होतात त्या वाक्यासमोर त्यांनी पेन्सिलीने बरोबरची खूण केली. चित्रं पाहायला धनराजसर होते, निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांनी छपाई पाहिली, रंग पाहिले आणि शेरा मारला की फोटो स्पष्ट आणि नैसर्गिक आहेत. कोणता साप कोणता, हे पाहणं त्यांचं काम नव्हतं. भाषा पाहणाऱ्या शुभांगीताईंनी तीन ऱ्हस्व-दीर्घ पकडले. तिघांपैकी एकानेही हयगय केली नाही. तिघांनीही मनात धरलं की उरलेलं दुसरं कोणीतरी पाहिलंच असेल. मला तीसपैकी सत्तावीस गुण मिळाले. त्या वर्षी मी पहिला आलो, आणि माझ्या कपाळावर निवडीचा गोल शिक्का बसला. तुमच्यापैकी जे परीक्षेत पहिले येतात त्यांना आनंद होत असेल. मला त्या दिवशी धडकी भरली, कारण आता माझ्यावर कोणी शंका घेणार नव्हतं.

बत्तीस शाळांत आम्ही बत्तीस भावंडं गेलो. मी मखमलाबादच्या पुढे, फुलमळ्यांमधल्या एका लहानशा शाळेत पोहोचलो. खोटं कशाला बोलू, पहिली दोन वर्षं मला सुखाची गेली. मुलं माझ्यावर तुटून पडायची. सगळ्यात जास्त उघडलं जायचं ते एकतिसावं पान. त्याच्या खालच्या कोपऱ्याला बोटांचा मळ बसला आणि तो काळा पडला. मुलं लांबलचक मजकूर वाचत नसत. फोटो पाहत, खालची ठळक ओळ वाचत आणि पान उलटत. प्रत्येक वेळी मी मनात म्हणायचो, शेजारचं वाचा रे, मानेकडे बघा. पान मात्र उलटलं जायचं.

सहावीतली भाग्यश्री माझी सगळ्यात जिवलग वाचक. तिच्या वडिलांचा, चिमाजींचा, झेंडू आणि शेवंतीचा मळा होता. मळ्यावरच पेठ तालुक्यातून आलेलं एक मजूर कुटुंब राहायचं. त्यांची मुलगी स्नेहा भाग्यश्रीच्याच वर्गात होती. दोघींचं गूळपीठ होतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाग्यश्री मला घरी घेऊन गेली, आणि घराचा उंबरा ओलांडताना मला का कोण जाणे वाटलं, की हे काही बरं होत नाही.

वसुबारसेच्या सकाळची गोष्ट. चिमाजी फुलांची गाडी घेऊन बाजारात गेले होते. शेडमध्ये रिकामे क्रेट रचून ठेवायला दोघी मुली आणि गोजराआत्या होत्या. गोजराआत्या म्हणजे चिमाजींची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून त्या भावाकडेच राहत. भाग्यश्रीने एक गोणपाट उचललं आणि खाली तो प्राणी दिसला. वेटोळं घातलेलं काळं, तुकतुकीत अंग, त्यावर पांढरे पट्टे. डोकं वेटोळ्याखाली लपवलेलं. हालचाल नाही.

गोजराआत्या जागच्या जागी थिजल्या. "पोरी, मागं सर. मण्यार हाय ती."

भाग्यश्री मागे सरली, पण धावली ती घराकडे आणि मला घेऊन आली. तिने मला क्रेटवर उघडं ठेवलं. एकतिसावं पान आपोआप उघडलं, तिथे उघडायची मला सवयच झाली होती. तिने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा गोणपाटाकडे. हुबेहूब. पट्टा न् पट्टा जुळत होता.

"आत्या, कवड्या हाय हा. बिनविषारी. हे बघ, छापलंय."

"छापणाऱ्याला चावली नसंल," आत्या म्हणाल्या. "माझा दीर गेलाय हिच्यापायी. मी वळखत नाय व्हय?"

भाग्यश्रीने माझ्यावरचा गोल शिक्का दाखवला. हे पुस्तक मोठ्या मोठ्या लोकांनी तपासलंय, नाशिकच्या मॅडमनी तपासलंय, असं तिने आत्याला समजावलं. आत्यांना अक्षर येत नव्हतं. शिक्क्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. एवढ्या लोकांनी पाहिलं असेल तर आपलीच नजर म्हातारी झाली असेल, असं त्यांना वाटलं असावं. त्या गप्प झाल्या. मित्रांनो, माझ्या जन्मात मला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या गप्प बसण्याची.

मग त्या दोन मुलींनी तो साप उचलला. आधी काठीने, मग स्नेहाने चक्क हाताने. तिने त्याला ओंजळीत घेतलं. तो अंग चोरून घ्यायचा आणि डोकं आणखी आत खुपसायचा. मी उघडा पडून सगळं पाहत होतो. वाऱ्याने पान उलटावं, मी खाली पडावं, काहीतरी व्हावं, असं मला झालं. काहीच झालं नाही. दोघी बांधापर्यंत गेल्या, त्याला गवतात सोडून हसत परत आल्या, आणि माझी चूक खरी ठरली.

तिथून पुढे माझा मान वाढला. भाग्यश्रीने मला नवीन खाकी कव्हर घातलं. वाडीवरची पोरं मला बघायला येऊ लागली. भीती ही अडाणीपणाची असते, असं भाग्यश्री त्यांना ऐटीत सांगायची. स्नेहाने तर आपल्या वहीत तो फोटो पाहून चित्र काढलं आणि खाली वळणदार अक्षरांत लिहिलं, 'कवड्या. बिनविषारी. घाबरू नका.' गावाकडे तिचे दोन धाकटे भाऊ होते. ते सापाला फार घाबरतात, त्यांची भीती घालवायची आहे, असं ती म्हणाली.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात इंदिरानगरच्या शाळेत निलोफरबाईंनी साप शिकवायला घेतले. आपणच निवडलेलं पुस्तक म्हणून त्यांनी माझं एक भावंड हातात घेतलं आणि एकतिसावं पान उघडलं. छापलेलं पान त्यांनी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. तास तिथेच थांबला. बाई खुर्चीवर बसल्या आणि मुलांना त्यांनी पाणी आणायला सांगितलं. त्यानंतर त्यांनी काय केलं नाही? बाकीच्या एकतीस शाळांना फोन केले, रजा टाकली, रिक्षाने, बसने, पायी हिंडून पाच दिवसांत एकतीस प्रती परत आणल्या. प्रत्येक शाळेत त्या मुलांसमोर उभ्या राहिल्या. माझी शाळा शेवटची होती.

वर्गात बाईंनी दोन्ही फोटो दाखवून चूक समजावली. भाग्यश्री उठली आणि म्हणाली, "पण मॅडम, आम्ही हातात धरला होता. तो चावला नाही."

मी बाईंच्या हातात होतो. त्यांनी मला मिटून टेबलावर ठेवलं. त्यांनी आवाज चढवला नाही. मण्यार दिवसा सुस्त असते, त्यांनी सांगितलं. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा मुंगीच्या चाव्याएवढा वाटतो, कधी खूणही दिसत नाही, म्हणून माणूस पुन्हा झोपतो. दवाखान्यात वेळेत नेलं नाही तर त्याचा श्वास बंद पडतो.

"तुम्ही वाचलात ते तिच्या झोपेमुळे," बाई म्हणाल्या. "पुस्तकामुळे नाही. आणि हे पुस्तक मी तपासलं होतं."

भाग्यश्री खाली बसली. थोड्या वेळाने तिला रडू फुटलं, आणि रडत रडत तिने विचारलं, "मग स्नेहाला कोण सांगणार?"

स्नेहाची जागा रिकामी होती. बाई तडक मळ्यावर गेल्या. गोजराआत्या फुलं तोडत होत्या. बाईंनी त्यांच्यासमोर हात जोडले आणि माफी मागितली. आत्यांनी हातातली टोपली खाली ठेवली.

"मी काय शिकलेली नाय, बाई. मी नुसतं पाह्यलेलं हाय," त्या म्हणाल्या. "पण पोरीनं शिक्का दावला, न् मला माझंच खोटं वाटलं."

स्नेहाचं कुटुंब भाऊबीजेसाठी गावी गेलं होतं, एवढं त्यांना माहीत होतं. त्यांना कामावर नेणाऱ्या मुकादमाचा फोन लागत नव्हता. पुढच्या रविवारी बाई पेठच्या बाजूला गेल्या, विचारत विचारत तो पाडा शोधला. घराला कडी होती. शेजाऱ्यांनी सांगितलं, सगळे द्राक्षाच्या कामाला गेले, दोन्ही पोरांना पण घेऊन गेले. कुठे? दिंडोरीकडे असतील, नाहीतर निफाडकडे. मळ्यांवर मजुरांच्या झोपड्या असतात, तिथे जमिनीवर गोधडी टाकून झोपतात, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

समितीत काहींनी म्हणून पाहिलं, की ही छापखान्याची चूक, आपला त्यात काय दोष. निलोफरबाईंनी आपला नियम स्वतःच्या हाताने खोडला. आता त्या कुठलंही पुस्तक तपासतात तेव्हा डाव्या हाताचं बोट चित्रावर असतं आणि उजव्या हाताचं मजकुरावर. प्रकाशकाने माझी भावंडं रद्दीत घातली. मला बाईंनी ठेवून घेतलं. माझ्या एकतिसाव्या पानावर दुरुस्तीची पट्टी चिकटवली आहे आणि मी त्यांच्या टेबलावर पडून असतो. दर रविवारी त्या कुठल्यातरी द्राक्षमळ्यावर जातात. संध्याकाळी परत आल्या की चप्पल काढण्याआधी मुकादमाचा नंबर एकदा लावून पाहतात. अजून तो लागलेला नाही.

मित्रांनो, माझं कव्हर जपा, मला उन्हात ठेवू नका, असलं काही मी मागत नाही. मला वाचताना शंका घ्या, शिक्का असला तरी घ्या. चित्राशेजारचा मजकूर वाचा, आणि ज्यांनी साप पाहिला आहे त्यांना गप्प करू नका. कुठलाच साप, पुस्तक काहीही म्हणो, हातात घेऊ नका.

आणि तुमच्या शाळेत या दिवसांत नवीन कोणी आली असेल, पेठकडची, बारा वर्षांची, स्नेहा नावाची, तर तिला तिची वही उघडायला सांगा. तिचं चित्र फार सुरेख आहे. ती ते आपल्या भावांना दाखवते आहे.